मतदानाला जाताय? मग हे सल्ले घेऊनच जा

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान केलं. केलं म्हणजे, शेवटी झालं एकदाचं. त्या अनुभवाच्या जोरावर पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी हे काही सल्ले. फुकट आहेत, घ्या.

सकाळी लवकर जा. सातला मतदान सुरू होतं, तुम्ही पावणेसातलाच पोचा, म्हणजे "लवकर जाऊन मोकळं होऊ" म्हणणारी सगळी मंडळी तुमच्या आधी तिथे उभी असलेली दिसतील. मशीन चालू व्हायला वेळ लागला तर चिडू नका. पहाटे पक्षांच्या एजंटांसमोर निदान पन्नास मतं टाकून तालीम झालेली असते आणि तालमीत सगळं मस्त चाललेलं असतं.

फाटकातून आत गेलात की जी रांग सगळ्यात लांब दिसेल ती धरा. कुणाला काही विचारू नका, कारण ज्याला विचाराल तोही तुम्हालाच विचारणार आहे. एका शाळेत सात-आठ खोल्या, प्रत्येक खोलीची यादी वेगळी, आणि कुठली यादी कुठल्या खोलीत हे लिहिलेला कागद कुठे, तर त्या खोलीच्या दारावर. म्हणजे रांगेच्या पार त्या टोकाला, जिथे तुम्ही दीड तासाने पोचणार. माझ्या पुढे एक आजोबा होते, हातात काठी, शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवलेला कागद. ज्येष्ठांची रांग वेगळी असते म्हणतात, आमच्याकडे ती बहुतेक पुरुषांच्याच रांगेत विलीन झाली होती. आजोबा दारापर्यंत पोचले, आतल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं आणि म्हणाल्या, "काका, तुमचं इथे नाही, शेजारच्या खोलीत बघा." शेजारच्या खोलीसमोर तीन माणसं उभी होती. तीन!

पाणी पिऊन जाऊ नका, स्वच्छतागृहाला कुलूप असतं.

नाव यादीतून उडालं असेल तर "अहो, लोकसभेला होतं!" असं सांगू नका. ते सगळेच सांगतात.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर मात्र भांडा, हक्क आहे तुमचा. मग तुम्हाला टेंडर व्होट देता येतं. मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर. ती पाकिटात जाते, पाकीट सीलबंद होतं आणि मतमोजणीला कुणी ते उघडत नाही. पण समाधान मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोबाइल. घरी मतदार चिठ्ठी आली नाही? काळजी कशाला, व्होटर हेल्पलाइन अ‍ॅप होतं की. नाव टाका, भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्र, सगळं मोबाइलवर हजर. फक्त तो मोबाइल केंद्रावर आणायचा नव्हता! २०२४ ला शंभर मीटरच्या आत बंदी होती. फाटकावरचा हवालदार म्हणतो मोबाइल ठेवून या, आपण म्हणतो कुठे ठेवू, तो म्हणतो ते तुम्ही बघा. त्याचीही चूक नाही, त्याला वरून आलेला आदेश एवढाच, ठेवायचा कुठे हे आदेशात नाही. मग नवरा आत जातो तेव्हा बायको दोघांचे मोबाइल घेऊन बाहेर उभी, मग बायको आत नि नवरा बाहेर, म्हणजे एका घराची रांग दोनदा. स्कूटरवाले डिकीत टाकून देवाचं नाव घेतात. काही जण दोनशे मीटरवरच्या पक्षाच्या टेबलावर देऊन येतात. तिथे चिठ्ठीही मिळते, खोली नंबरही मिळतो, बसायला खुर्चीही मिळते, अख्ख्या परिसरात नीट चाललेलं काम तेवढंच. आणि ज्याच्याबरोबर कुणी नाही त्याने काय करायचं? एक मुलगी आली होती रिक्षाने, एकटी, पहिलंच मतदान असावं, हातात नवंकोरं कार्ड. हवालदाराशी बोलली, इकडेतिकडे बघितलं, रांगेतल्या एका बाईंना विचारलं, मी आत जाऊन येईपर्यंत धरता का, त्या म्हणाल्या अगं माझाच घरी ठेवून आलेय, मलाही आतच जायचंय. दोन मिनिटं घुटमळली आणि गेली. परत आलेली मला तरी दिसली नाही. आता तिच्याबद्दल लेख येतील, तरुणांना लोकशाहीचं काही पडलेलं नाही म्हणून. त्याच फाटकाच्या आत फुगे लावलेली कमान होती, वर लिहिलेलं "सेल्फी पॉइंट". सेल्फी! कशाने काढायचा, शाई लावलेल्या बोटाने?

असो. सल्ले चालू आहेत.

आत गेल्यावर घाई करू नका. एक जण नाव पुकारणार, दुसरा सही घेऊन शाई लावणार, तिसरा चिठ्ठी घेऊन बटण दाबणार, मग तुम्ही पुठ्ठ्यामागे जाणार, बटण, बीप, व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद. माणशी एक मिनिट धरा, म्हणजे रांगेत शंभर माणसं असली की एक तास चाळीस मिनिटं. एका केंद्रावर तेव्हा, २०२४ ला, जास्तीत जास्त १५०० मतदार, त्यातले साठ टक्के आले तर ९००, आणि सात ते सहा म्हणजे ६६० मिनिटं. वाट्याला येतात ४४ सेकंद. तेही लोक दिवसभर सारखे वाटून आले तर, आणि तसे ते कुठेच येत नाहीत. हे चौथीचं गणित आहे. आत बसलेले शिक्षक ते रोज शिकवतात, त्यांना दोष देऊ नका, ते बिचारे आदल्या दिवसापासून मशीन सांभाळत तिथेच आहेत.

अगदीच जमलं नाही तर सहाला पाच कमी असताना जा. सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते, तीही शेवटच्या माणसापासून वाटत पुढे येतात, म्हणजे मागून कुणी घुसू नये. किती बारीक विचार केलाय बघा. सहा वाजता सुचतो, सकाळी आठला नाही.

आणि आता खरं बोलू का? उपरोध वगैरे पुरे, डोकं दुखायला लागलं. २० मेला लोकसभेच्या वेळी मुंबई, ठाणे, नाशिकला हेच झालं होतं. भर उन्हात रांगा, संथ मतदान, तक्रारी. निवडणूक आयोगवाल्यांनो, मध्ये सहा महिने होते तुमच्या हातात. काही ठिकाणी या वेळी खुर्च्या होत्या, मंडप होते म्हणतात. असतील, चांगलंच आहे, मग बाकीच्या ठिकाणी काय अडलं होतं? दर दोन तासांनी टक्केवारी जाहीर करता येते तुम्हाला, नऊला, अकराला, एकला, तीनला, पाचला. पण फाटकावरून परत गेलेले किती, ते कुणी मोजतं? ते कुठल्या नोंदवहीत लिहितात? कुठल्याच नाही. आणि मग वर तोंड करून आम्हालाच सांगायचं की शहरी मतदार उदासीन आहे! उदासीन माणूस दीड तास उभा राहतो का हो? दीड तास उभा राहून चुकीच्या खोलीसमोर निघालेला माणूस काठी टेकत शेजारच्या खोलीकडे जातो, एक अक्षर न बोलता, त्याला उदासीन म्हणता तुम्ही? लाज वाटायला हवी.

फार काही मागत नाही कुणी. कुठली यादी कुठल्या खोलीत एवढं मोठ्या अक्षरात लिहून फाटकावर लावा. मोबाइल ठेवायला एक टेबल, एक माणूस आणि नंबरच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या वाटता येतात तुम्हाला, संध्याकाळी सहाला वाटताच की.