मामांनी टाकलेला ‘हेल्मेटने कान जातात’ मेसेज, आणि त्यातलं खरं-खोटं

परवा मामांनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि संध्याकाळपर्यंत तोच मला डीलर लोकांच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर, सगळीकडे दिसला. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यात म्हटलंय की फुल फेस हेल्मेटमध्ये हवा कोंडून आवाज घुमतो आणि माणूस बहिरा होतो, मागचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून ॲक्सिडंट होतात, त्यापेक्षा अर्धं टोपीसारखं हेल्मेट बरं, आवाजाचा त्रास झाला तर कानात कापूस घालावा, इयरप्लग (कानात बसवायचे फोमचे बोळे) मात्र घालू नयेत कारण मग काहीच ऐकू येत नाही, आणि तसंही काही दिवसांनी कानाला सवय होतेच. खाली ‘जनहितार्थ पुढे पाठवा’.

मी हे मुद्दाम बसून लिहितोय कारण माझा उजवा कान गेलाय. पूर्ण नाही, पण गेलाय. बियाण्याच्या कंपनीत फिल्डवर आहे, अकरा वर्षं झाली, जळगाव, चोपडा, शिरपूर, साक्री, नंदुरबार, सगळं बाईकवर. आई आतून हाक मारायची आणि दोनदा-तीनदा मारल्यावर चिडून म्हणायची, “तुले आयकू नही येस का रे?” मी म्हणायचो लक्ष नव्हतं. मग एका दुकानात डीलर म्हणाला साठ पाकिटं आणि मी आठ लिहिली, माल कमी गेला आणि ऐन सीझनला शब्दाला शब्द लागला. धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी केली तर त्या कागदावर रेघ बरी चाललीये आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजांच्या जागी, एकदम खड्डा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, कारखान्यात कामाला आहात का. मोठ्या आवाजाने कान बिघडतो तेव्हा बहुतेक तिथूनच सुरुवात होते, म्हणून आधी स, फ, थ असली बारीक अक्षरं गळतात, ‘साठ’चा ‘आठ’ होतो तो असा. आणि रात्री सगळं शांत झालं की कानात एक शिट्टी वाजत राहते, ती बंद होत नाही.

म्हणजे मेसेजमधलं ‘कान जातात’ एवढंच खरंय. बाकी सगळं उलटं लिहिलंय.

आधी तो हवा कोंडण्याचा मुद्दा. आवाज हेल्मेट करत नाही, वारा करतो. साधारण ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढे गेलं की इंजिनचा आवाज मागे पडतो आणि वाऱ्याचाच वरचढ होतो, शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत कानापाशी ९५ ते १०० डेसिबल भरतो. कामाच्या जागी किती आवाज किती वेळ चालेल याचं अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं गणित असं आहे की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायला मला दीड तास लागतो, त्यात हायवे फोर लेन झाल्यापासून ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जातो, आणि संध्याकाळी तेवढंच परत. तुम्हीच हिशोब लावा.

आणि स्पीडोमीटरवर जाऊ नका, कानाला लागतो तो वाऱ्याचा वेग. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत, तिकडे समोरून तीसचा वारा असला आणि तुम्ही सत्तरने चाललात की कानासाठी ते शंभरच झालं.

हेल्मेट यातला बारीक, टोकदार आवाज अडवतं, जाड घरघर फारशी अडवू शकत नाही, म्हणून आत ती घरघर घुमल्यासारखी वाटते आणि लोकांना वाटतं हेल्मेटनेच केला आवाज. काढून बघितलं तर उघड्या कानावर वारा सरळ आपटतो.

हॉर्नचा मुद्दा. हा ऐकायला पटतो, म्हणून जास्त फिरतो. पण हेल्मेट हॉर्न कमी करतं तसा वाराही कमी करतं, आणि आपल्याला हॉर्न ऐकू येतो तो वाऱ्याच्या आवाजाच्या वर निघाला की, त्यामुळे दोन्ही सारखे खाली आले तर फरक पडत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या हायवे सेफ्टी खात्यासाठी हे रस्त्यावर तपासलं गेलं, तेच चालक एकदा बिनहेल्मेट, एकदा अर्ध्या हेल्मेटने, एकदा फुल हेल्मेटने, आणि हॉर्न किती मोठा झाल्यावर कळतो ते मोजलं. स्पीड वाढला की सगळ्यांनाच हॉर्न मोठा लागला, हेल्मेट आहे की नाही याने फरक पडला नाही. म्हणजे हॉर्न ऐकायचा असेल तर स्पीड कमी करा आणि आरसे लावा. आपल्याकडे निम्म्या गाड्यांचे आरसे काढून घरात ठेवलेले असतात, त्याबद्दल मात्र कुणी मेसेज करत नाही.

अर्ध्या हेल्मेटबद्दल मी जास्त बोलत नाही. पडल्यावर हनुवटी, जबडा, कान, सगळं उघडं, आणि वारा तर मोकळाच. पोलिसांची मोहीम लागली की हायवेच्या कडेला चादरीवर टोप्या विकायला येतात, त्या दंड चुकवायला असतात, डोक्यासाठी नसतात.

आता महत्त्वाचं, कारण आपल्याकडे गडबड होते ती इथे. आपण हेल्मेट मोठं घेतो. खाली रुमाल बांधायचा असतो ना, उन्हाळ्यात पंचेचाळीसचं ऊन, रुमालाशिवाय जमत नाही, मग एक नंबर मोठं घेतलं जातं, डोकं आत हलतं आणि खालून, मानेकडून आणि हनुवटीकडून, वारा आत शिरतो. सगळ्यात जास्त आवाज त्या खालच्या फटीतूनच येतो. माझं पहिलं हेल्मेट असंच होतं, सात वर्षं वापरलं.

घेताना कपड्याची टेप भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती फिरवा, सेंटीमीटर बघा, त्या कंपनीच्या तक्त्यावरून साईज काढा. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, बोलताना गाल दातांखाली येतील इतके, नवीन असताना ते तसंच असतं, नंतर गादी बसते. दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा, हेल्मेटबरोबर गालाची कातडी ओढली गेली पाहिजे. मग पट्टा लावून मागून वर ढकला, निघालं तर ते तुमचं नाही. दुकानदार घाई करेल, करू द्या, पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवून बसा, कपाळावर एका जागी ठणकायला लागलं तर दुसरं मागा. मागे आयएसआयच्या खुणेवर आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) आणि खाली सीएम/एल, म्हणजे कंपनीच्या लायसन्सचा, नंबर असतो, तो मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो, दुकानातच बघून घ्या. आवाजासाठी मी अजून एवढंच बघतो की काच बंद केल्यावर रबर सगळीकडे नीट बसतंय का आणि हनुवटीखाली कापडी पडदा आहे का. रुमाल डोक्यावर पातळ सुती टोपीसारखा असू द्या, जाड घडी नको. मानेभोवती गुंडाळला तर उलट फायदाच, खालची फट बुजते. पुढून उघडणारं मॉड्युलर सोयीचं असतं पण साधारण जास्त वाजतं.

माझ्या गाडीला मी हौसेने समोर उंच काच बसवली होती. वाटलं वारा अडेल. तो काचेवरून उडून बरोबर हेल्मेटवर गरगरत आपटायचा, डोकं थोडं वर केलं की आवाज एकदम कमी, तेव्हा लक्षात आलं. काढून टाकली.

महाग घेतलं की प्रश्न मिटला असंही मेसेजखाली कुणीतरी लिहिलंय. नाही मिटत. चांगल्या आणि साध्या हेल्मेटमध्ये फरक काही डेसिबलचा, हायवेच्या स्पीडला कुठलंच हेल्मेट एकटं पुरत नाही. त्यासाठी इयरप्लग लागतात.

आणि कापूस. अहो, आपण कापूस पिकवणारी माणसं, सरकीपासून गाठीपर्यंत सगळं आपल्या हाताखालून जातं, म्हणून विश्वास बसतो. पण बोंडातला काय आणि मेडिकलमधला काय, कापसातून आवाज आरपार जातो, नावापुरता कमी होतो. फोमचे इयरप्लग इंडस्ट्रियल सेफ्टीच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतात, नीट बसले तर वीस डेसिबलच्या वर सहज कापतात. नीट बसवणं म्हणजे काय, तर हात धुवून प्लग बोटांत वळायचा, देवापुढच्या वातीसारखा बारीक, मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढायचा म्हणजे आतली वाट सरळ होते, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट तसंच दाबून ठेवायचं. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा आला की बसला. घामाने मळला की फेकायचा. कान वाहत असेल किंवा मळ घट्ट बसला असेल तर आधी डॉक्टर.

प्लग घातले की काहीच ऐकू येत नाही, हेही मी स्वतः खोटं ठरवलंय. पहिल्या दिवशी पारोळ्याच्या पुढे मागून ट्रकने हॉर्न दिला, तो मला रोजच्यापेक्षा स्वच्छ आला, कारण वाऱ्याचा गोंगाट खाली बसला होता. गाणी लावून इयरफोन घालणं वेगळं, तो वरून अजून एक आवाज झाला.

राहिली सवय. मामा, ही ओळ तुम्ही वाचाच. गाडीवरून उतरल्यावर कान जड होतो, दडा बसल्यासारखा, आणि सकाळी मोकळा होतो, तेव्हा आतल्या केसासारख्या पेशी थकलेल्या असतात. रोज थकवल्या की मरतात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. आवाज पूर्वीइतकाच असतो, ऐकणारं कमी झालेलं असतं, आपण त्याला सवय म्हणतो. माझ्या त्या खड्ड्यावर औषध नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आहे तेवढं जपायचं.

तुम्ही आठवड्यातून तीनदा अमळनेर-चोपडा करता, टोपी हेल्मेट आणि कानात कापूस, मला माहितीये. मी रविवारी दुपारी येतोय, मामींना सांगा जेवायलाच आहे. शिवणकामाची टेप आणि प्लगची चार पाकिटं घेऊन येतो, आधी डोक्याचं माप घेऊ आणि मग दोघं मिळून बाजारात जाऊ.