नॉर्वेचा निधी आणि महासत्तेचा दावा

‘नॉर्वेने मनात आणले तर उद्याच तो महासत्ता होईल’ हा दावा समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्यामागील युक्तिवाद थोडक्यात असा : तेलाच्या उत्पन्नातून साठलेला सुमारे 2 लाख कोटी डॉलरचा निधी, त्या निधीमुळे जगभरच्या कंपन्यांत आलेली मालकी, युरोपला लागणाऱ्या गॅसवरची पकड आणि ऑस्लो या राजधानीतून दिल्या जाणाऱ्या शांततेच्या नोबेलमुळे लाभलेला नैतिक दबदबा एवढे सगळे हाताशी असताना उणीव आहे ती केवळ इच्छाशक्तीची. यातील आकडे बहुतांशी खरे आहेत, आणि म्हणूनच दावा चटकन पटतो. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

प्रथम पैशाविषयी. सुमारे 56 लाख लोकसंख्येत हा निधी वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन लाख डॉलर येतात. पण महासत्तेचा खर्च दरडोई मोजत नाहीत. अमेरिका एका वर्षात केवळ संरक्षणावर 800 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च करते. त्या वेगाने हा सगळा निधी अडीच वर्षेही पुरणार नाही. शिवाय तो खर्च करण्यासाठी उभारलेलाच नाही. उत्तर समुद्रात 1969मध्ये एकोफिस्क तेलक्षेत्र सापडले. शेजारच्या नेदरलँड्समध्ये गॅसच्या पैशामुळे चलन महागून इतर उद्योग कसे आजारी पडतात, हे पुढे लवकरच दिसू लागले. तेलाचा पैसा देशातच ओतला तर क्रोन हे नॉर्वेचे चलन वधारेल, मासळी आणि कारखान्यांचा माल परदेशात विकला जाणार नाही, या भीतीतून 1990मध्ये निधीचा कायदा झाला आणि 1996मध्ये त्यात पहिली रक्कम जमा झाली. तो केवळ परदेशात गुंतवला जातो, आणि सरकारने वर्षाकाठी साधारण 3 टक्क्यांच्या अपेक्षित परताव्याएवढीच रक्कम अंदाजपत्रकात घ्यावी असा दंडक आहे. दावा करणाऱ्यांना जी तिजोरी दिसते, ती मुळात घराबाहेर ठेवण्यासाठीच बांधलेली आहे.

मालकीचा मुद्दा याहून फसवा आहे. जगातील शेअर बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांचे सुमारे दीड टक्का भांडवल या निधीकडे आहे, हे खरे; परंतु कोणत्याही एका कंपनीत मतदानाचा 10 टक्क्यांहून अधिक हक्क घेण्यास त्याला मनाई आहे. मुंबईच्या बाजारात व्यवहार होणाऱ्या कंपन्यांतही त्याचे पैसे आहेत, पण त्यामुळे दिल्लीत किंवा मुंबईत ऑस्लोचा शब्द चालतो, असे कोणी म्हणणार नाही. उलट, ज्याच्या अंगणात पैसा ठेवला त्याचाच धाक वाटू लागतो. युक्रेनवरील आक्रमणानंतर 2022मध्ये रशियातील शेअर विकून टाकण्याचा निर्णय नॉर्वेने घेतला, पण बाजार परकीयांना बंद झाल्याने ते शेअर हातातच अडकून जवळपास कवडीमोल झाले. गाझा आणि वेस्ट बँकमध्ये इस्रायलने बुलडोझर वापरल्याच्या कारणावरून 2025मध्ये निधीने ते बनवणारी कॅटरपिलर ही अमेरिकी कंपनी वगळली, तेव्हा अमेरिकी परराष्ट्र खात्याने उघड नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नॉर्वेच्या संसदेने नैतिक कारणांवरून कंपन्या वगळण्याची प्रक्रियाच तूर्त थांबवली. निधीतील निम्म्याच्या आसपास पैसा अमेरिकेत आहे, हे लक्षात घेतले की यात कोण कोणावर दबाव आणू शकतो ते निराळे सांगावे लागत नाही.

गॅसची गोष्ट त्याच वळणाची. रशियाचा पुरवठा आटल्यावर नॉर्वे युरोपचा सर्वांत मोठा गॅस पुरवठादार झाला. परंतु समुद्रतळावरून ब्रिटन, जर्मनी, पोलंडकडे गेलेल्या नळांतून गॅस दुसरीकडे वळवता येत नाही. ग्राहक जेवढा अडकलेला, तेवढाच विक्रेताही. सप्टेंबर 2022मध्ये रशियाहून जर्मनीकडे जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीमच्या गॅसनळांत स्फोट झाले, त्यानंतर नॉर्वेने आपल्या तेलमंचांच्या पहाऱ्यासाठी ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीची मदत स्वीकारली.

नैतिक दबदब्याबद्दल दोन प्रसंग पुरेत. 1993चा इस्रायल-पॅलेस्टाईन समझोता ऑस्लोच्या नावाने ओळखला जातो, कारण बोलणी तेथे गुपचूप झाली. स्वाक्षऱ्या मात्र वॉशिंग्टनमध्ये, व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर झाल्या. या देशाची कोणाला भीती वाटत नव्हती, म्हणून तर दोन्ही पक्ष तेथे येऊन बसले. दुसरा प्रसंग 2010चा. तुरुंगात असलेले चिनी लोकशाहीवादी लिउ शियाओबो यांना शांततेचे नोबेल मिळाले, आणि नोबेल समिती सरकारपासून स्वतंत्र असूनही चीनने नॉर्वेशी राजनैतिक संबंध गोठवले. ते सहा वर्षांनी सुरळीत झाले ते चीनच्या ‘मूलभूत हितसंबंधां’चा आदर करण्याचे लेखी आश्वासन दिल्यावर.

राहता राहिली इच्छाशक्ती. नॉर्वेला इच्छाच नाही असे म्हणण्यापेक्षा ती वेगळी आहे, असे म्हणणे योग्य ठरेल. जगातील अत्यंत मोठ्या व्यापारी जहाजताफ्यांपैकी एक बाळगणारा हा तटस्थ देश एप्रिल 1940मध्ये जर्मनीने आक्रमण केल्यावर दोन महिन्यांत पडला, आणि राजासह सरकारला लंडन गाठावे लागले. त्या अनुभवातून 1949मध्ये नॉर्वे नाटोत गेला, पण सोव्हिएत संघाशी सीमा भिडलेली असल्यामुळे शांततेच्या काळात परकीय सैन्याला कायमचे तळ द्यायचे नाहीत, असेही त्याने ठरवले. युरोपीय समुदायात जाण्याचा प्रस्ताव 1972मध्ये आणि युरोपीय संघात जाण्याचा 1994मध्ये, दोन्ही वेळा जनमताने फेटाळला गेला. यांतील 1949चे निर्णय तेल सापडण्याच्या वीस वर्षे आधीचे आहेत, आणि तेलाचा एवढा पैसा आल्यानंतरही ऑस्लोतील कोणत्याही सरकारने नाटोची छत्री सोडून स्वबळावर उभे राहण्याचा विचार केलेला नाही.