तिकडची गोदी आणि आपली बुजवलेली गोदी

मुलीकडे लिव्हरपूलला आलोय. पहिल्याच रविवारी तिने अल्बर्ट डॉकला नेलं. आता माझे बाबा मुंबई गोदीतले, रिटायर होईपर्यंत व्हिक्टोरिया डॉकात घाम गाळला, गोणी ओढायचा त्यांचा लोखंडी हूक अजून पोटमाळ्यावर आहे. त्यामुळे मी आधीच तोंड वाकडं करून गेलो, म्हटलं गोदीचं हॉटेल केलंय, त्यात काय बघायचं.

पण बघतच राहिलो हो. 1846 च्या वखारी, नुसती वीट, दगड आणि बीड, आग लागू नये म्हणून लाकूड घातलंच नाही. पाण्यालगत लालभडक बिडाचे खांब, मी आणि जावयाने दोन्हीकडून मिठी मारून बघितली तर हाताला हात लागेनात! शिडाच्या जहाजांसाठी बांधलेली गोदी, मोठ्या आगबोटी आत शिरेनात, शेवटी 1972 ला बंद पडली आणि गाळाने भरली. पाडायचेही बेत झाले होते म्हणे. मग तो गाळ उपसला, डागडुजी केली आणि 1988 ला थाटात उघडली. आता कॉफी, म्युझियम, फ्लॅट. फ्लॅटचे भाव विचारू नका, तिथे घाम गाळलेल्यांच्या नातवंडांना कॉफीसुद्धा महागच वाटत असेल, हे मला खटकलंच.

तेवढ्यात जावई नदीपलीकडे बोट दाखवून म्हणाला, ते बर्कनहेड. अंगावर काटाच आला. फोर्ट स्टिकिन ही मालवाहू बोट तिथूनच निघाली होती, फेब्रुवारी 1944 मध्ये. पोटात दारूगोळा आणि सोनं, वाटेत कराचीला कापूस भरला, आणि 14 एप्रिलला आपल्या व्हिक्टोरिया डॉकात फुटली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, बाकी माणसं शेकड्यांनी. बाबा तेव्हा लहान, पण जुन्या मुकादमांकडून ऐकलेलं दर एप्रिलला आम्हाला सांगायचे.

आणि त्या व्हिक्टोरिया डॉकाचं आपण काय केलं? कंटेनर टर्मिनलसाठी भराव टाकून बुजवला, सोबत प्रिन्सेस डॉकही. टर्मिनल तर धड चाललंच नाही. आता आपल्याकडेही पूर्व किनाऱ्यावर फिरायला जागा, मरिना वगैरे ऐकतोय, करा की, माझा कॉफीला विरोध नाही, पण गोदीत आधी पाणी तरी ठेवायचं होतं ना राव!

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोटो दाखवले. पहिला प्रश्न, "पाणी आहे का रे आत?" आहे म्हटलं. मग चष्मा पुसून म्हणाले, "क्रेन कुठे दिसत नाहीत त्या."