‘पत्ता वळेपर्यंत उठू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. गोव्याला जाऊन छोट्या ब्लाइंडवर (ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होताना दोघांनी सक्तीने घालायची रक्कम) पोकर खेळणाऱ्यांसाठी त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. पत्ते सारखे वाईट येत असतील तर आता चांगले येणारच, म्हणून टेबल सोडू नका. एक्क्यांची जोडी पुन्हा पुन्हा हरली तर टेबलातच गडबड आहे; जागा बदला, डीलर बदलायला लावा. चांगला खेळणारा शेवटी हरत नाही. आणि गेलेले पैसे वरच्या, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या टेबलावर लवकर निघतात. कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत लोक हे ‘अनुभवाचे बोल’ म्हणून पुढे पाठवतायत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने याच भरवशावर बहिणीकडे उसने पैसे मागितले, म्हणून हे लिहितो आहे.

पत्ता वळण्याची गोष्ट सर्वांत घातक. प्रत्येक डावाआधी 52 पत्ते नव्याने पिसले जातात. मागच्या डावात तुमचं काय झालं हे त्या कॅटला ठाऊक नसतं. लाइव्ह टेबलावर तासाला साधारण 25 डाव होतात, आठ तासांत 200. प्रत्येकाला मिळणाऱ्या दोन पत्त्यांत जोडी सरासरी 17 डावांत एकदा येते, म्हणजे रात्रीत बाराएक वेळा. तिला फ्लॉपवर (सर्वांसाठी टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत) तिसरा सोबती मिळण्याची शक्यता जेमतेम 12 टक्के. अशा बाराच्या बारा जोड्या कोरड्या जाण्याची शक्यता 22 टक्के निघते. पाचांतली एक रात्र अशीच जाते, आणि तिलाच आपण ‘आज नशीबच फिरलंय’ म्हणतो. तेराव्या जोडीलाही शक्यता 12 टक्केच.

टेबलावर बसून राहायला कारण एकच असू शकतं: समोरचे चुकतायत आणि तुमचं डोकं ताजं आहे. नाशिकहून रात्रभर गाडी हाकून पणजी गाठलेल्या माणसाचं डोकं पहाटे तीनला ताजं नसतं. ‘एवढ्या लांब आलोय’ हा विचार त्याला उठू देत नाही, पत्ते नव्हे. किती बाय-इन (टेबलावर बसताना घेतलेली रक्कम) गेले की उठायचं आणि किती वाजता उठायचं, हे नाशिकातच ठरवायला हवं.

आता एक्के. छोट्या ब्लाइंडवर कुणी पत्ते टाकत नाही, चार-चार जण कॉल करतात, म्हणजे तेवढेच पैसे घालून डावात राहतात. एकट्या माणसाच्या कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध एक्क्यांची जोडी सुमारे 85 टक्के वेळा जिंकते. चार जणांविरुद्ध हाच आकडा 56 वर येतो. शंभरात 44 वेळा हार, तीही कुणी काही गडबड न करता!

पण पैशांचा हिशोब करा. सगळ्यांनी फ्लॉपआधीच 1,000 रुपये घातले असं धरू. एकाविरुद्ध पॉट (डावात जमलेले पैसे) 2,000 चा, त्याचे 85 टक्के म्हणजे 1,700. सरासरी फायदा 700. चौघांविरुद्ध पॉट 5,000 चा, त्याचे 56 टक्के म्हणजे 2,800; सरासरी फायदा 1,800. ज्या टेबलावर एक्के जास्त वेळा हरतात तिथेच ते जास्त कमावून देतात. म्हणून सत्ती-दुर्रीसारख्या कमकुवत पत्त्यांवर कॉल करून रिव्हरला (टेबलावरच्या शेवटच्या, पाचव्या पत्त्याला) जिंकलेल्या काकांना सुनावणं हा शुद्ध तोटा आहे. ते खजील होऊन पत्ते टाकायला लागले की तुमची कमाई गेली.

जागा बदला, डीलर बदलायला लावा, या सूचनांना उत्तर देण्यात अर्थ नाही.

‘शेवटी हरत नाही’ हे मात्र अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. ‘शेवटी’ म्हणजे कधी? रेक (कॅसिनोचा वाटा) वजा जाऊन 100 डावांमागे पाच बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठा) जिंकणारा चांगला खेळाडू घ्या, आणि 100 डावांमागे 90 बिग ब्लाइंडचा चढउतार (प्रमाण विचलन) धरा. 200 डावांची एक रात्र तो 47 टक्के वेळा हरतो. 10,000 डावांनंतरही तोट्यात असण्याची शक्यता 29 टक्के उरते. महिन्यातून दोनदा आठ-आठ तास खेळणाऱ्याला 10,000 डावांना दोन वर्षांहून जास्त लागतात. एका रात्रीवरून कुणी स्वतःला कच्चा ठरवू नये आणि पक्काही.

राहिलं वरचं टेबल. ब्लाइंड दुप्पट केले की चढउतारही रुपयांत दुप्पट होतो, समोरचे सहसा जास्त तयार असतात, आणि तुम्ही तिथे हरून, चिडून पोचलेले असता. समजा, समोरच्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळे पैसे लावले. त्याच्या पैशांसकट पॉट 30,000 चा, तुम्हाला 10,000 घालायचेत, फ्लशला (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) एक बदाम हवाय आणि दोन पत्ते यायचेत. शक्यता 35 टक्के आणि गरज 25 टक्क्यांची (एकूण 40,000 पैकी तुमचे 10,000); कॉल करायलाच हवा. पण ते 10,000 पुढच्या सोमवारच्या हप्त्याचे असतील तर हात आपोआप पत्ते टाकतो. मुरलेले खेळाडू ते दोन-तीन डावांत ओळखतात आणि मग त्याच माणसावर पुन्हा पुन्हा ऑल-इन टाकतात.