दीड लाख खर्चण्याआधी मागची खिडकी उघडा

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या, ट्रेकवाल्यांच्या, आणि चौथा चक्क मावसबहिणीच्या सासरच्या. मथळा होता, ‘निसर्ग फोटोग्राफी सुरू करताय? आधी ही सहा कडू सत्यं वाचा’. थोडक्यात सांगायचं तर मुंबईत कबुतरं सोडून टिपण्यासारखं काही उरलेलं नाही. फुल फ्रेम कॅमेरा नसेल तर पक्ष्यांच्या वाटेला जाऊ नका. मेगापिक्सेल जितके जास्त तितका फोटो चांगला. मॅक्रो लेन्सशिवाय, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी मोठ्या करून टिपणाऱ्या लेन्सशिवाय, किडे-फुलपाखरं अशक्य. पक्षी जवळ आणायचे तर दाणे टाका आणि मोबाइलवर त्यांचाच आवाज वाजवा. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात बंद ठेवा. शेवटी हिशेब दिलाय: किमान दीड लाखाची सामग्री, वर ताडोबाची सफारी.

ट्रेकच्या ग्रुपवर नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी आहे. तिने लगेच विचारलं, “दादा, मग माझा सेकंडहँड कॅमेरा विकून टाकू का?” तिला तिथे ‘अजिबात नको’ एवढंच लिहिलं. का नको, ते इथे.

‘मुंबईत टिपण्यासारखं काही उरलेलं नाही’

मी मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या मागच्या कंपाउंडला बाग म्हणायला बिल्डरसुद्धा धजावला नसता. एक पर्जन्यवृक्ष, भिंतीतून उगवलेला पिंपळ, पंपाच्या खोलीशेजारी वाकडा शेवगा, आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या कुंड्या. एवढ्यात वर्षभर काय येतं ते सांगतो. थंडी सरता सरता तांबट टुक्-टुक् सुरू करतो. मार्चपासून कोकीळ पहाटे चारला सगळ्या विंगला उठवतो, आणि पर्जन्यवृक्षावर कावळ्याचं घरटं असलं तर पावसात कोकिळेच्या पिल्लाला भरवणारा कावळा दिसतो. दयाळ, बुलबुल, शिंपी, नाचण, खंड्या हे तर घरचेच. पावसाळा ओसरला की पंपाच्या गळक्या पाइपाशी धोबी शेपूट हलवत फिरतो. हिवाळ्यात हळद्या दोन-चार दिवस मुक्काम करतो. पिंपळाला फळं धरली की धनेशाची जोडी येते, आणि तिचा आरडाओरडा ऐकून सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहते.

कबुतरं भरमसाट आहेत, हे मेसेजवाल्याचं खरं. पण आमच्या पूर्वेला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ठाणे खाडी आहे. तिथल्या फ्लेमिंगोंसाठी २०१५ साली अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. पश्चिमेला डोंगरापलीकडे बिबट्यांचं राष्ट्रीय उद्यान आहे. आणि मोठंच कशाला हवं? ठाणे-कल्याण परिसरात सापडलेला उड्या मारणारा एक कोळी २०२१ मध्ये नवी जात म्हणून नोंदवला गेला. २६/११ च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं ‘आयसियस तुकारामी’. लोकलच्या पट्ट्यात विज्ञानाला नवीन कोळी सापडतो आणि आपण म्हणायचं, काही उरलं नाही.

‘फुल फ्रेम नसेल तर पक्षी विसरा’

या एका वाक्यापायी माझ्या ओळखीतल्या निदान तिघांनी कर्ज काढलंय. म्हणून इथे जरा थांबतो.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडा. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर. आपल्या साध्या डीएसएलआर किंवा मिररलेसमधला एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. म्हणजे ३०० एमएमची लेन्स (हा आकडा जितका मोठा तितका पक्षी जवळ दिसतो) छोट्या सेन्सरवर लावली की फुल फ्रेमवर ४५० एमएम लावल्यावर जेवढं दृश्य दिसतं तेवढं दिसतं. आता दोन मित्र शेजारी उभे आहेत, दोघांकडे ३०० एमएम, दोघांचे कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे, एक फुल फ्रेम आणि एक एपीएस-सी. समोरचा शिंजीर दोघांच्याही फ्रेममध्ये चिमुकलाच. फुल फ्रेमवाला तो कापून दुसऱ्याएवढा करेल तेव्हा त्याच्याकडे जेमतेम साडेदहा मेगापिक्सेल उरतील. दुसऱ्याचे २४ शाबूत.

“पण मोठ्या सेन्सरवर नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, कमी येतो!” येतो, जर पूर्ण सेन्सर वापरलात तर. फोटो कापलात की सेन्सरचा बाकीचा भाग आणि त्यावर पडलेला प्रकाश टाकून दिलात, तो फायदा त्याच्याबरोबर गेला. तो परत मिळवायचा तर जास्त लांब लेन्स घ्यावी लागते, आणि तिथे बिल दीड लाखावर थांबत नाही.

खरं गणित अंतराचं आहे. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १० सेंटिमीटर. ३०० एमएमने दहा मीटरवरून टिपला तर सेन्सरवर त्याची प्रतिमा तीन मिलिमीटरची पडते, म्हणजे फ्रेमच्या रुंदीचा आठवा भाग. चार मीटरवरून तीच प्रतिमा आठ मिलिमीटर होते, रुंदीचा तिसरा हिस्सा. आमचा शेवगा स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार मीटरवर आहे. फुलोऱ्यावर असताना सकाळी साडेसात ते नऊ शिंजीर त्याला सोडत नाही. जंगलात या पाखराच्या चार मीटर जवळ जायला लोक छद्मवेष करून तासन्‌तास बसतात. मी दिवा बंद करतो, पडदा अर्धा ओढतो, लेन्सचं तोंड ग्रिलला टेकवतो (टेकवलं की गज फोटोत दिसत नाहीत) आणि चहा पीत उभा राहतो. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, शिंजिराची मान सावरत नाही.

एक कबुली मात्र द्यायला हवी. संध्याकाळी सहानंतर उडता धनेश टिपायचा असेल तर माझी एफ ५.६ ची, म्हणजे लहान तोंडाची आणि कमी उजेड आत घेणारी, लेन्स हात टेकते. तिथे मोठा सेन्सर आणि मोठ्या तोंडाची लांब लेन्स यांना तोड नाही. पण नवशिक्याला वर्षातून असे किती धनेश भेटणार? दोन दिवसांसाठी लेन्स भाड्याने मिळते.

मेगापिक्सेलवर जास्त शाई घालवत नाही. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके; त्यातून १२ बाय १८ इंचांची सुबक प्रिंट निघते, जी आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात काढलेली नाही. २४ चे ४८ केले तरी प्रत्येक बाजूला वाढ जेमतेम ४० टक्के. आणि शेवटी फोटो जाणार व्हॉट्सअॅपवर, जे त्याचा चुरा करूनच पुढे पाठवतं.

‘मॅक्रो लेन्सशिवाय किडे-फुलपाखरं अशक्य’

तळमजल्यावरच्या काकूंचा कढीपत्ता हे माझं मॅक्रोचं विद्यापीठ. त्यावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम ही दोन फुलपाखरं अंडी घालतात. अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कोणी खात नाही. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. काकूंना हे कौतुक मुळीच नव्हतं.

“कढीपत्ता माझा खातायत, आणि फोटो तुझे?”

“काकू, दहा दिवस थांबा ना.”

“दहा दिवस पोह्यात काय घालू, तुझा कॅमेरा?”

शेवटी अर्धं झाड अळ्यांना, अर्धं पोह्यांना असा तह झाला. कोष झाल्यावर आठ-दहा दिवसांनी एका सकाळी फुलपाखरू बाहेर आलं. पंख वाळेपर्यंत ते जागचं हलत नाही, म्हणजे फोटोला वेळच वेळ. तेव्हापासून काकूच वरती हाक मारतात, “ये रे, तुझं पाखरू निघालं.”

हे सगळं माझ्याकडच्या ५५-२५० च्या साध्या झूमवर पुढे एक भिंग अडकवून टिपलं. आठ डायॉप्टरचं रेनॉक्स डीसीआर-२५० घ्या. ते ५२ ते ६७ मिलिमीटर तोंडाच्या लेन्सवर चिमट्यासारखं बसतं. डायॉप्टर हे भिंगाच्या ताकदीचं माप; आठ डायॉप्टर म्हणजे त्या भिंगाचं नाभीय अंतर साडेबारा सेंटिमीटर. झूम २५० वर नेऊन फोकस अनंतावर ठेवला तर प्रतिमा वस्तूच्या दुप्पट मोठी पडते, आणि बहुतेक मॅक्रो लेन्स एकास एकवर, म्हणजे वस्तूएवढ्याच प्रतिमेवर, थांबतात. त्याहून स्वस्तात करायचं तर जुनी ५० एमएम उलटी लावायची रिंग काही शे रुपयांत मिळते.

अडचण वेगळीच आहे, आणि ती ८० हजारांच्या लेन्सनेही सुटत नाही. एकास एकवर एफ ११ ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान केलं, तरी फोकसमध्ये येणारी जाडी एक मिलिमीटरच्या आत. दुप्पट मोठं केलंत तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. श्वास घेतलात की कोळ्याचे डोळे गेले. त्यावर उपाय म्हणजे कोपर भिंतीला टेकणं, फोकस रिंग विसरून स्वतःलाच केसभर मागेपुढे हलवणं, आणि दहा फोटोंतला एक ठेवणं. उजेडासाठी साधा फ्लॅश आणि त्यापुढे बटर पेपर. धुतलेली दुधाची पिशवीही चालते, फक्त तिच्यावरचा निळा छापील मजकूर कोळ्याच्या डोळ्यात उमटतो. माझ्या एका फोटोत उमटलाय.

‘दाणे टाका, आवाज वाजवा’

सहांपैकी हा एकच सल्ला मला वाईट वाटला, चुकीचा तर आहेच.

शिंजीर, शिंपी, दयाळ, नाचण यांतला एकही पक्षी दाण्यावर जगत नाही. शिंजिराला मध आणि कोळी, बाकीच्यांना किडे. दाणे टाकलेत की कबुतरं येतात, त्यांच्यामागून उंदीर, आणि त्यांच्यामागून सोसायटीची नोटीस. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रान उठलं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यापेक्षा जास्वंद लावा. नाहीतर उथळ परळात दोन बोटं पाणी ठेवा, पण रोज न चुकता बदला. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत जेमतेम आठवडा-दीड आठवडा पुरतो, आणि पालिकेचा माणूस आला तर पक्ष्यांचं निमित्त ऐकून घेत नाही.

मोबाइलवर आवाज वाजवला की दयाळ येतो, ते खरं. येतो तो दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला या समजुतीने, भांडायला. विणीच्या दिवसांत मादी, पिल्लं, खाणं सोडून तो तुमच्या स्पीकरशी झुंजत बसतो. रोज झुंजायला लावलं तर त्याचं व्हायचं काय?

मी स्वतः याहून वाईट केलंय. तीन वर्षांपूर्वी शिंप्याने दोन पानं शिवून घरटं केलं होतं, खिडकीपासून हातभर अंतरावर. पुढचं एक पान फोटोत मध्ये येत होतं, ते मी दोऱ्याने बाजूला बांधलं. फोटो छान आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्याने घरटं रिकामं केलं. ते पान तिथे कशासाठी होतं हे शिंप्याला माहीत होतं, मला नव्हतं. ते फोटो मी कुणालाच दाखवलेले नाहीत.

‘पावसाळ्यात कॅमेरा कपाटात बंद ठेवा’

जुलैत मुंबईच्या हवेत ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो. अंधार, कोंदट हवा आणि ओल ही बुरशीची आवडती जागा, आणि पावसाळ्यातलं लाकडी कपाट म्हणजे नेमकं तेच. लेदरची केस असेल तर दुधात साखर. लेदर ओल धरून ठेवतं. माझी ५० एमएम अशीच एका जूनला केसमध्ये, केस कपाटात, कपाट बंद. दिवाळीत काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. दुरुस्तीवाल्याने काच उजेडाकडे धरली, मान हलवली आणि म्हणाला, “साहेब, वापरली असती तर वाचली असती.”

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारी सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, एवढ्याने भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. जेलचा रंग बदलला की ती तव्यावर मंद आचेवर गरम केली की पुन्हा कामाला लागते. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी फोकस रिंगमध्ये जाते. एसीतून बाहेर काढताना कॅमेरा पिशवीत गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, नाहीतर काचेवर धुकं बसतं.

आणि पावसात बाहेर काढाच. ढगाळ उजेड म्हणजे आभाळाने फुकट दिलेला डिफ्यूजर, म्हणजे उजेड मऊ करणारा पडदा. गोगलगायी, शेवाळ, पाण्याचे थेंब डोक्यावर घेतलेल्या मुंग्या हे सगळं जून ते सप्टेंबरातलंच. बुरशी लागलेली ती ५० एमएम मी टाकली नाही. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला तर चित्र धुरकट येतं, म्हणून सरळ लावत नाही. उलटी लावतो, आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीवरच्या मुंग्या तिनेच टिपतो.