कडू दुधी म्हणे जास्त गुणकारी!

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज फिरतोय. वर लालभडक गाजरांचा फोटो, खाली 'थंडीत निरोगी राहण्याचे ७ आयुर्वेदिक नियम : सूप आणि सॅलड', आणि शेवटी हात जोडून 'किमान दहा जणांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल'. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, मी नेहमीप्रमाणे न वाचता पुढे सरकले. मग नाशिकहून आत्याचा फोन. आत्या सत्तरीच्या पुढची, मधुमेहाच्या गोळ्या चालू. म्हणाली, "अगं, दुधी कडूजहर निघालाय. पण त्यात लिहिलंय कडू असेल तेवढा गुणकारी, म्हणून रस काढून ठेवलाय. थोडा मध घातला तर चालेल ना?"

मध राहू दे, आधी तो पेला मोरीत ओत, असं सांगून फोन ठेवला आणि अख्खा मेसेज वाचला. त्यातले सात नियम असे. एक, थंडीत कच्च्या भाज्या आणि दही बंद, त्याने सर्दी होते. दोन, काकडी आणि टोमॅटो एकत्र खाल्ले की पोटात विष तयार होतं. तीन, कोशिंबिरीला फोडणी नको, दाण्याचं कूट नको, फक्त लिंबू. चार, २१ दिवस रात्री फक्त गाळलेलं सूप, म्हणजे शरीर 'डिटॉक्स' होतं. पाच, सकाळी अनशापोटी दुधीचा कच्चा रस किंवा सूप, आणि कडू लागलं तर तेच खरं औषध. सहा, सूपात रोज लिंबू-आवळा पिळला की सर्दी होतच नाही. सात, सूप करायचं तर ब्रोकोली, झुकिनी, केल या परदेशी भाज्यांचं.

क्रमाने जात नाही. पाचवा आधी, कारण चौथा सोडला तर बाकीच्यांनी फार तर पोट बिघडेल किंवा पैसे जातील. पाचव्याने माणूस दगावू शकतो.

"दुधी कडू लागला तर तेच खरं औषध"

दुधी, काकडी, दोडका, लाल भोपळा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. या कुळातल्या वेलींमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार होतात. किडे आणि जनावरं आपल्याला खाऊ नयेत म्हणून वेलीने केलेली ती सोय. आपण ज्या जाती लावतो त्यांत ती अगदी थोडी असतात. पण वेलीला पाण्याचा ताण बसला, ऊन फार झालं, बी कडू जातीशी संकरित निघालं, की प्रमाण वाढतं. बाहेरून काहीही कळत नाही. कोवळा, हिरवागार, नखाने टोचला तर नख रुतणारा दुधीही कडू निघू शकतो. कळतं ते फक्त जिभेला.

२०१० साली दिल्लीत एका सरकारी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ दुधीचा रस पिऊन दगावले. अडाणी माणूस नव्हता, आयुष्य प्रयोगशाळेत काढलेला होता. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, तज्ज्ञ समितीने हा विषय तपासला आणि तिचा अहवाल जानेवारी २०१२च्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापून आला. सात नियम लिहिणाऱ्याने हा एक अहवाल वाचला असता तरी पुरे होतं. कडू रस पोटात गेल्यावर पोटात कळा, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम उतरणं, असं सगळं त्यात नोंदलेलं आहे. यावर उतारा नाही. डॉक्टर सलाइन लावून रक्तदाब सांभाळतात, तेवढंच हातात असतं.

समितीचं सांगणं अगदी साधं आहे. रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर आख्खा दुधी फेकून द्या. दुधीचा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नका. (कारल्याच्या रसात मिसळला तर दुधीचा कडूपणा कळणार कसा?) आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, अस्वस्थपणा यांतलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा. आता आत्याचा मध आठवा. कडूपणा हीच एकमेव सूचना, आणि हा मेसेज तिलाच गुण म्हणून विकतोय, वर बायका ती मधाने झाकायला निघाल्यात.

"मग शिजवून सूप केलं तर?" हा प्रश्न ग्रुपवर आलाच. ही द्रव्यं नेहमीच्या शिजवण्याने जात नाहीत. फ्रान्समधली एक नोंद २०१८ साली 'जामा डर्मेटॉलॉजी' या नियतकालिकात आली होती. एका बाईने लाल भोपळ्याचं कडू सूप घेतलं. शिजवलेलं, रीतसर सूप. आधी उलट्या-जुलाब, आणि आठवड्याभराने डोक्यावरचे केस मोठ्या प्रमाणात गळाले. त्यामुळे 'आमच्याकडे उकळून घेतात' यात काही दिलासा नाही. दुधीची भाजी, दुधी हलवा, थालिपीठ, सगळीकडे नियम तोच. चिरताना एक तुकडा तोंडात टाका. आपल्या आज्या काकडीच्या बाबतीत हे न सांगता करायच्या.

गोड दुधीचं सूप जरूर करा. हलकं असतं, पोटाला बरं वाटतं. त्याने कुठल्या नसा मोकळ्या होतात वगैरे अपेक्षा मात्र ठेवू नका.

"२१ दिवस रात्री फक्त गाळलेलं सूप"

दुसरा धोका इथे आहे, आणि तो आत्यासारख्यांनाच आहे. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या माणसाने गोळी घ्यायची आणि जेवणाऐवजी वाटीभर पातळ पाणी प्यायचं, तर मध्यरात्री साखर उतरू शकते. घाम, थरथर, भ्रम, आणि एकटं राहणारं माणूस असेल तर उठवायलाही कोणी नाही. गोळी आणि जेवण यांची सांगड डॉक्टरांनी घातलेली असते. ती मोडायची तर डॉक्टरांना विचारून, गाजराच्या फोटोला विचारून नाही.

धडधाकट माणसाचं म्हणाल तर गाळण्यातच घोटाळा आहे. भाज्या उकळायच्या, गाळणीवर दाबायच्या, चोथा कचऱ्यात आणि पाणी वाडग्यात. चोथा गेला म्हणजे तंतू गेले, ज्यांच्यासाठी भाजी खायची तेच गेलं. प्रथिनं त्यात आधीच नव्हती. रात्री अकराला भूक लागते, मग फरसाणाचा डबा उघडतो. 'डिटॉक्स'ची जबाबदारी यकृत आणि मूत्रपिंडं विनातक्रार सांभाळतात, त्यांना सूपाची मदत लागत नाही.

आणि शीर्षकात 'आयुर्वेदिक' लिहिलंय म्हणून सांगते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात ऋतुचर्या आहे. तिथे हेमंतात, म्हणजे थंडीत, जठराग्नी बलवान असतो, त्याला पुरेसं जड अन्न मिळालं नाही तर तो शरीरातला रसच जाळतो, असं म्हटलं आहे. थंडीत टाळायच्या गोष्टींच्या यादीत हलकं, वात वाढवणारं अन्नपान आणि 'प्रमिताहार', म्हणजे मोजकं, तुटपुंजं खाणं, स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे थंडीत डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी आणि लोणी आलं ते उगाच नाही. चरक पटो न पटो, पण चरकाच्या नावावर त्याच्या बरोबर उलट सांगू नये एवढी तरी लाज हवी.

"थंडीत दही आणि कच्च्या भाज्या बंद"

सर्दी विषाणूंमुळे होते. मुळ्यामुळे नाही, गाजरामुळे नाही, काकडीमुळेही नाही. थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या श्वासात बसतो, ते जास्त महाग पडतं.

दह्याबद्दल मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करते, कुरकुरत का होईना. चरकाने रात्री दही खाऊ नये असं म्हटलंय. आणि फ्रिजमधून काढलेलं थंडगार दही आधीच दुखऱ्या घशाला सोसत नाही, हा घराघरातला अनुभव आहे. पण ऋतूंची गोष्ट काढलीत तर त्याच ग्रंथात दही बहुतकरून वर्ज्य सांगितलंय ते शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत. हेमंत आणि शिशिर त्या यादीत नाहीतच! म्हणजे ज्या ऋतूत चालतं नेमकं त्याच ऋतूत हे बंद करायला निघाले. दुपारच्या जेवणात, विरजण लावलेलं ताजं, बाहेर ठेवलेलं दही घालून बीटाची कोशिंबीर खुशाल करा.

"काकडी आणि टोमॅटो म्हणजे विष"

विषबिष काही होत नाही. काकडीत एक विकर (एन्झाइम) असतं, ते क जीवनसत्त्वाचा काही भाग खातं, एवढंच त्यातलं सत्य. कोशिंबीर आयत्या वेळी कालवून लिंबू पिळलं की तोही प्रश्न उरत नाही. पुढे.

"फोडणी नको, कूट नको, फक्त लिंबू"

इथे माझा संयम सुटतो. गाजरातलं बीटा-कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन ही शरीराला उपयोगी रंगद्रव्यं चरबीत विरघळतात. सोबत तेल-तूप नसेल तर आतड्यातून ती जवळपास शोषलीच जात नाहीत. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात २००४ साली हे तपासलं गेलं. पालक, लेट्यूस, गाजर, चेरी टोमॅटो यांचं तेच सॅलड एकदा बिनतेलाचं, एकदा थोड्या तेलाचं, एकदा जास्त तेलाचं देऊन रक्त तपासलं. बिनतेलाच्या सॅलडमधून ही द्रव्यं रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत. माणसं सातच होती, प्रयोग छोटा होता, हे खरं. पण निष्कर्ष शरीरशास्त्राला धरून आहे.

आता आपली गाजराची कोशिंबीर बघा. किसलेलं गाजर, दाण्याचं जाडसर कूट, मीठ, चिमूट साखर, लिंबू, आणि वरून चमचाभर तेलात मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची चुरचुरीत फोडणी. ज्या बाईने हे पहिल्यांदा केलं तिला कॅरोटीन माहीत नव्हतं, पण कृती अचूक होती. फोडणी पळीभर नको, छोट्या कढल्यात चमचाभर पुरते. बाजारातल्या मेयोनेज ओतलेल्या सॅलडवर बोललात तर मीही तुमच्या बाजूने. पण कोशिंबिरीवरचा तो चमचा काढायला सांगणाऱ्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही.

"रोज लिंबू-आवळा, सर्दी होतच नाही"

वैद्यकीय प्रयोगांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली क जीवनसत्त्वावरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले. रोज घेणाऱ्या सामान्य माणसांना सर्दी कमी वेळा होते असं दिसलं नाही. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के लवकर आटोपते, इतकंच. आवळा घ्या, चवीला छान असतो. आणि गरम सूपाने नाक-घशाला बरं वाटतं हेही खरंच. बरं वाटणं आणि सर्दी न होणं या दोन निराळ्या गोष्टी.

"ब्रोकोली, झुकिनी, केलचंच सूप"

'आयुर्वेदिक' नियमांत केल कुठून उगवली, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ब्रोकोलीशी माझं वैर नाही. पण डिसेंबर-जानेवारीत मंडईत ढीग लागलेले असतात ते मेथीचे, मुळ्याचे, पातीच्या कांद्याचे, हरभऱ्याच्या पाल्याचे, आणि तेही त्याच्या कितीतरी कमी भावात.

सूपच हवं असेल तर हुलग्याचं कढण करा, कोकणात कुळथाचं म्हणतात. हुलगे निवडून रात्रभर भिजवायचे, कुकरला भरपूर पाण्यात चांगले मऊ होईपर्यंत शिजवायचे. मग निम्मे दाणे त्याच पाण्यात घोटून घ्यायचे, फेकायचं काहीच नाही. तुपात जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, दोन आमसुलं, मीठ, एक उकळी. यात प्रथिनं आहेत, चोथा आहे, आणि भाकरी कुस्करली तर ते जेवणच होतं. मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, शेवग्याच्या शेंगांचा गर काढून केलेलं सूप, सगळं याच वाटेचं. पाकिटातल्या सूपांची तुलना करायची असेल तर पाकीट उलटं करून मीठ किती आहे ते वाचा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपली लोणची-पापडं आधीच रांगेत उभी असतात.

कच्चं हवं असेल तर मेथीचा घोळाणा. कोवळी पानं, बारीक चिरलेला कांदा, कूट, तिखट, मीठ, कच्चं तेल, हाताने चुरून. किंवा किसलेला मुळा, त्यात भिजवलेली मुगाची डाळ, ओलं खोबरं आणि फोडणी.

या सात नियमांत एक गोष्ट कुठेच नाही, जी कच्च्या भाजीच्या बाबतीत खरोखर महत्त्वाची आहे : धुणं. पालेभाजीला माती असते, पाणी कुठलं दिलेलं असतं ते आपल्याला माहीत नसतं. विषमज्वर, कावीळ, जंत हे सगळं या वाटेने घरात येतं. मेथी-कोथिंबीर परातीत बुडवून, पाणी ओतून, तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत बदलत राहायचं आणि शेवटी नळाखाली धुवायची. मुळा-गाजर आधी घासून, मग सोलून. मिठाच्या पाण्याने अळ्या सुटतात, सगळे जंतू मरत नाहीत. आणि घरात कोणी गरोदर असेल किंवा कुणाची केमो चालू असेल, तर त्यांच्या ताटात मोड आलेलं कडधान्य कच्चं नको, चांगलं शिजवून वाढायचं.