लॉटी डॉडचं नाव घेण्याआधी

गेला पंधरवडा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच खल चालू आहे. सांगलीतल्या मावसभावाची अकरा वर्षांची मुलगी टेनिस उत्तम खेळते आणि शाळेच्या संघातून खो-खोही. प्रशिक्षकांचं म्हणणं, आता खो-खो बंद, फक्त टेनिस. निम्मा ग्रुप त्यांच्या बाजूचा. उरलेल्यांतल्या एका काकांनी लॉटी डॉड या जुन्या इंग्लिश खेळाडूचा दाखला दिला, आणि मी तिच्या गावाजवळ राहतो म्हणून सगळ्यांनी मलाच साक्षीला ओढलं.

लॉटीचा जन्म १८७१ सालचा, बेबिंग्टनचा. म्हणजे लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या या काठाला. १८८७ मध्ये तिनं विम्बल्डन जिंकलं तेव्हा तिला सोळावं लागलं नव्हतं का? लागलं होतं, पण पुरं झालं नव्हतं. इतक्या लहान वयात तिथली महिला एकेरी आजवर दुसऱ्या कुणी जिंकलेली नाही. गतविजेत्या ब्लांश बिंगलीला तिनं ६-२, ६-० असं उडवलं. बाकीच्या बायका घोट्यापर्यंतच्या झग्यात नि घट्ट कॉर्सेटमध्ये खेळायच्या; ही शाळकरी पोर, त्यामुळे हिचा झगा आखूड आणि पाय मोकळे. सर्व्हिस मात्र खालूनच करायची. पुढे १८८८, १८९१, १८९२ आणि १८९३ लाही तीच विजेती. मधली दोन वर्षं ती विम्बल्डनला फिरकलीच नाही; १८८९ मध्ये तर स्कॉटलंडच्या बाजूला शिडाच्या बोटीतून हिंडत होती. एकविसाव्या वर्षी टेनिसला रामराम. मग इंग्लंडकडून हॉकी, १९०४ मध्ये ट्रूनला ब्रिटिश महिला हौशी गोल्फचं विजेतेपद, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचं रौप्य. त्याच ऑलिंपिकमध्ये भाऊ विलीला तिरंदाजीचं सुवर्ण!

काका म्हणतात, बघा, चार खेळ खेळून काही बिघडतं का?

काही बिघडत नाही, पण तिच्या घरचा हिशेबही बघा की. वडील लिव्हरपूलचे कापूस दलाल. (त्या बाजारात आपल्या वऱ्हाडातला कापूससुद्धा ‘ऊमरा’ नावानं विकला जायचा, अमरावतीवरून.) ते लॉटीच्या लहानपणीच वारले, पण मागे इतकं ठेवून गेले की भावंडांना पोटासाठी काम करायची वेळ आली नाही. घराच्या आवारातच टेनिसची मैदानं होती. विम्बल्डनला महिला स्पर्धक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कंटाळा आला की खेळ बदलायची चैन तिला परवडत होती.

ती चैन इथे अजून पुरती सरलेली नाही. माझी मुलगी उन्हाळ्यात टेनिस, थंडीत हॉकी खेळते आणि एकच खेळ धर असं तिला कुणी म्हणत नाही. हे मला मनापासून आवडतं. पण दोन क्लबांची फी, रॅकेट वेगळी, स्टिक वेगळी, बूट वेगळे, आणि शनिवारी सकाळी पावसात गाडी काढायला रिकामा असलेला एक पालक, एवढं सगळं त्यामागे लागतं. ब्रिटनमध्ये खासगी शाळांत साधारण ७ टक्के मुलं शिकतात. पॅरिस ऑलिंपिकमधले ब्रिटनचे सुमारे एक तृतीयांश पदकविजेते मात्र अशा शाळांतले.

आपल्याकडे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला गेले ते प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून दिलेल्या ७,००० रुपयांच्या आधारानं. तेही हौशीच होते, लॉटीही हौशीच!

म्हणून प्रशिक्षकांचं ऐकू पाहणाऱ्या मावसभावाला वेड्यात काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. दहावीचे क्रीडागुण, सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण हे त्याच्या डोक्यात आहे, आणि पगारदार माणसानं असा हिशेब करू नये तर काय करावं? तरीही खो-खो बंद करू नकोस, असंच मी त्याला लिहिलं. खो-खोला ना कोर्टाचं भाडं, ना शंभर रुपयांचा चेंडू. शाळेचं मैदान आहे, बाई शिकवतात, आणि अचानक दिशा बदलायची सवय टेनिसला तरी कुठे नको असते? प्रशिक्षकांना एक प्रश्न विचारायलाही सांगितलंय: तुमच्याकडे अकराव्या वर्षी आलेल्या किती मुली सोळाव्या वर्षी खेळतायत? नुसतं ‘बऱ्याच’ म्हणाले, तर नावं विचार.